आठ दिवसांची बस्ती, सोळा दिवसांचा परिहार: एका निवासी पंचकर्म केंद्राविषयी

गेल्या श्रावणात डाव्या गुडघ्याच्या दुखण्यासाठी मी एका निवासी पंचकर्म केंद्रात दहा दिवस राहून आले. दोघींच्या खोलीतील जागा, तपासणी, उपचार, औषधे आणि जेवण मिळून ४६,००० रुपये आकारले गेले. केंद्राचे नाव येथे देत नाही. ज्या उणिवा मला आढळल्या त्या या एकाच संस्थेच्या आहेत असे वाटत नाही, आणि ज्या वैद्यांमुळे माझे दहा दिवस सत्कारणी लागले ते उद्या तिथेच असतील याची खात्री कोण देणार? खोली स्वच्छ होती, गरम पाणी वेळेवर येत होते आणि फोनला रेंज नव्हती. त्याबद्दल यापेक्षा अधिक लिहिण्यासारखे काही नाही. पंचकर्म केंद्राचे परीक्षण बागेवरून आणि अंघोळीच्या पाण्यावरून करायचे नसते. आयुर्वेदाने उपचारासाठी जे नियम स्वतःच घालून दिले आहेत, त्यांचे पालन तिथे किती होते, एवढीच मोजपट्टी मी सोबत नेली होती.

ऋतू मात्र योग्य निवडला गेला, आणि त्याचे श्रेय केंद्राला द्यायला हवे. शास्त्राच्या हिशेबाने वात ग्रीष्मात साठतो, वर्षाऋतूत उसळतो आणि शरदात शमतो. म्हणून कफासाठी वमन, म्हणजे औषधाने उलटी करवणे, वसंतात, पित्तासाठी विरेचन, म्हणजे जुलाब देणे, शरदात आणि वातासाठी बस्ती, म्हणजे गुदमार्गाने दिलेले औषध, पावसाळ्यात द्यावी, अशी परंपरा आहे. मी प्रथम मे महिन्यात चौकशी केली होती, तेव्हा फोनवरच्या मुलीने वैद्यांना विचारून सांगितले की दुखणे सोसवण्याजोगे असेल तर आषाढानंतर या. उन्हाळी सुट्टीचा हंगाम असताना गिऱ्हाईक पुढे ढकलणारी संस्था मला त्या एका वाक्याने आवडली होती.

तिथे पोहोचल्यावर मात्र पहिली गाठ पडली ती छापील प्रश्नावलीशी. त्वचा कोरडी की तेलकट, झोप गाढ की सावध, राग पटकन येतो का, असे तीसेक प्रश्न आणि प्रत्येकापुढे तीन चौकोन. स्वागतकक्षातील तरुणाने खुणांची बेरीज केली आणि ‘आपण वात-पित्त’ असे लिहिलेले रंगीत कार्ड माझ्या हाती ठेवले. त्या कार्डाबरोबर माझ्या प्रकृतीला साजेशा तेलांची आणि चहाची यादीही होती, अर्थात किमतींसह. प्रकृती ही जन्मापासूनची ठेवण असते आणि आज जे बिघडले आहे ती विकृती असते. उपचार विकृतीवर करायचा असतो आणि तो करताना प्रकृतीचे भान ठेवायचे असते, हा या शास्त्राचा पहिल्या पायरीवरचा भेद. ज्या कार्डात तो पुसला जातो, त्यावरून तेल विकत घेणे म्हणजे ज्योतिषाच्या पोपटाकडून औषध लिहून घेण्यासारखे आहे.

वैद्यांनी ते कार्ड पाहिले, हसून बाजूला ठेवले आणि पुढची चाळीस मिनिटे फक्त विचारत राहिले. दुखणे सकाळी अधिक की संध्याकाळी, जिना चढताना की उतरताना, ढग आले की वाढते का, भूक कशी लागते, वेळेवर लागते की एक दिवस लागते आणि दुसऱ्या दिवशी लागतच नाही, शौचाला बसावे लागते किती वेळ, पातळ पदार्थाने पोट लगेच बिघडते का. या शेवटच्या दोन-तीन प्रश्नांचा गुडघ्याशी काय संबंध, असे माझ्या खोलीतील सोबतीणबाईंना वाटले होते, आणि तो प्रश्न रास्त आहे. पचनशक्ती, म्हणजे अग्नी, सम, विषम, तीक्ष्ण आणि मंद अशा चार प्रकारचा मानला आहे, आणि कोठा मृदू, मध्य आणि क्रूर असा तीन प्रकारचा. कोणाला किती तेल-तूप झेपेल, औषधाची मात्रा किती, उपचार आज सुरू करायचा की चार दिवसांनी, हे सारे त्यावर ठरते. माझी भूक विषम आणि कोठा क्रूर निघाला. दोन्ही वाताची लक्षणे. मग त्यांनी गुडघा वाकवून पाहिला, तळवा वाटीवर ठेवून कटकट ऐकली आणि सूज बोटाने दाबली. सांध्यातील वाताची सूज हवा भरलेल्या कातडी पखालीसारखी हाताला लागते, असे वर्णन चरकसंहितेत आहे. त्यांनी मलाच ती दाबून बघायला लावली आणि उपमा खरोखर चपखल वाटली. माझा एक्स-रे त्यांनी प्रकाशाकडे धरून पाहिला, रक्तदाबाच्या गोळ्यांची नावे लिहून घेतली आणि त्या बंद करायच्या नाहीत हे दोनदा बजावले.

केंद्राच्या माहितीपत्रकात ‘केवळ नाडीवरून संपूर्ण निदान’ असे ठळक अक्षरांत छापले आहे. वैद्यांनी नाडी पाहिली, तीन बोटे ठेवून नीट पाहिली, पण ती या चाळीस मिनिटांतील तीन-चार मिनिटे होती. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत रोगी तपासण्याच्या पद्धती तपशिलाने आल्या असल्या, तरी नाडीपरीक्षेचे आज प्रचारात असलेले रूप त्यांत नाही. ते शार्ङ्गधरसंहितेपासून पुढच्या ग्रंथांत दिसते, आणि तिथेही नाडी ही अनेक परीक्षांपैकी एक असते. मूत्र, मल, जीभ, शब्द, स्पर्श, डोळे आणि एकूण ठेवण या बाकीच्या सात गोष्टी टाकून एकट्या नाडीची जाहिरात करणाऱ्याने आपल्याच शास्त्राला कमी लेखले आहे. त्या वैद्यांना हे पत्रक दाखवले तेव्हा ते म्हणाले, “ताई, ते छापण्याआधी मला कोणी विचारलं नव्हतं.”

पहिले दोन दिवस मला काहीच उपचार मिळाला नाही, आणि या सेवेतील सर्वांत चांगला भाग माझ्या मते तोच होता. जिभेवर पांढरा थर, अंग जड, सकाळी उठल्यावर अन्नाची इच्छा नाही, ही आमाची लक्षणे होती. अग्नी मंदावल्यामुळे न पचलेला अन्नरस म्हणजे आम, आणि आम असताना तेल-तूप किंवा शोधन, म्हणजे बस्तीसारखे शरीर शुद्ध करणारे उपचार, द्यायचे नाहीत, आधी पाचन करायचे, हा दंडक आहे. त्यामुळे दोन दिवस सुंठीचे गरम पाणी, भाताची पेज, संध्याकाळी मुगाचे कढण आणि जेवणाआधी चिमूटभर भूक वाढवणारे दीपन चूर्ण, एवढ्यावर मला ठेवले. माझ्या सोबतीणबाई याच कारणाने संतापल्या होत्या. पैसे दहा दिवसांचे घेतले आणि दोन दिवस नुसत्या पेजेवर काढायला लावले, अशी तक्रार त्या स्वागतकक्षात करून आल्या. त्यांचा राग मला पूर्ण चूक वाटत नाही. ज्या संस्थेने दिवसांच्या भावाने उपचार विकला, तिच्या गिऱ्हाइकाने दिवस मोजले तर त्याला दोष कसा द्यावा? तिसऱ्या दिवशी सकाळी जीभ बरीच स्वच्छ झाली होती आणि सात वाजताच कडकडून भूक लागली होती.

तिसऱ्या ते दहाव्या दिवसापर्यंत मला योगबस्ती दिली गेली. बस्तींचे कर्म, काल आणि योग असे तीन क्रम सांगितले आहेत. कर्मबस्ती तीस, आणि सर्वांत आटोपशीर तो आठ बस्तींचा योग, त्यात पाच तेलाच्या अनुवासन बस्ती आणि तीन काढ्याच्या निरूह बस्ती असतात. पहिली तेलाची, मग एक काढ्याची आणि एक तेलाची अशी आलटून पालटून, आणि शेवटी पुन्हा तेलाचीच. तेलाची बस्ती जेवणानंतर देतात, काढ्याची उपाशीपोटी. नुसते काढे दिले तर वात आणखी रुक्ष होऊन भडकेल आणि नुसते तेल दिले तर भूक मरेल, म्हणून ही वीण. वाताचे मुख्य ठाणे पक्वाशय, म्हणजे मोठ्या आतड्याचा प्रदेश, मानला आहे. गुडघ्याच्या दुखण्यावर गुदमार्गाने औषध का देतात याचे शास्त्रातील उत्तर हे आहे.

निरूह तयार होताना पाहण्याची परवानगी मी मागितली आणि ती मिळाली. उपचारकक्षाशेजारच्या लहान खोलीत एक प्रौढ परिचारिका बसल्या होत्या, बोटांवर हळदीचे जुने डाग. त्यांनी खलात आधी मध आणि सैंधव घेतले आणि मीठ पूर्ण विरघळेपर्यंत घोटले. मग तेलाची धार अगदी बारीक, एका हाताने सोडत आणि दुसऱ्या हाताने घोटत. मिश्रण फिकट आणि दाट होत गेले. त्यानंतर बाळंतशेपेचा वाटलेला कल्क, आणि सर्वांत शेवटी दशमुळांचा कोमट काढा. तळहातावर दोन थेंब घेऊन त्यांनी मला दाखवले: तेल वेगळे तरंगत नाही, पाणी वेगळे सुटत नाही. “असं एकजीव झालं की आत गेल्यावर पोट कुरकुरत नाही,” असे त्या म्हणाल्या. हा मध-मीठ-तेल-कल्क-काढा असा क्रम ग्रंथांत दिलेला आहे आणि त्यात उलटापालट चालत नाही. नंतर डाव्या कुशीवर, डावा पाय सरळ आणि उजवा दुमडून झोपवून बस्ती दिली. निरूह एका मुहूर्ताच्या, म्हणजे ४८ मिनिटांच्या आत बाहेर पडावा अशी मर्यादा आहे; माझा पहिला बारा मिनिटांत पडला, पोटात कळ न येता. दुसराही तसाच.

गुडघ्यावर रोज जानुबस्ती होत असे. उडदाच्या पिठाचे कणकेसारखे कडे गुडघ्याभोवती थापून त्यात कोमट तेल भरतात, गार झाले की कापसाच्या बोळ्याने टिपून पुन्हा कोमट घालतात, आणि अर्धा तास तुम्ही छताकडे पाहत पडून राहता. नावात बस्ती असली तरी हा पंचकर्मांपैकी उपक्रम नव्हे, बाहेरून केलेले स्नेहन-स्वेदन, म्हणजे तेल लावणे आणि शेकणे, आहे. माहितीपत्रकात तो मुख्य उपचार म्हणून आणि खरी बस्ती ‘सहायक’ म्हणून छापली आहे, बहुधा छायाचित्र चांगले येते म्हणून.

आठव्या दिवशी त्या परिचारिका रजेवर होत्या. बदली आलेल्या मुलाने काढा आधी ओतला, वरून तेल घातले आणि पिशवी हलवून मिश्रण झाले असे मानले. मी पडल्या पडल्या पाहिले तर पिशवीत तेलाचा पिवळा थर वर स्पष्ट दिसत होता. मी तसे सांगितले, पण वेळ झाली होती आणि माझ्यामागे आणखी चौघे होते. औषध कोमटही राहिले नव्हते. दोन मिनिटांत ते सारे बाहेर आले आणि दुपारपर्यंत पोटात मुरडा राहिला. वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी असे चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत, आणि परिचारकाच्या गुणांत औषध तयार करण्याचे ज्ञान आणि दक्षता यांना स्थान आहे. संस्था वैद्यांची पदवी भिंतीवर टांगते. परिचारकाचे प्रशिक्षण किती झाले हे मात्र कुठेच लिहिलेले नसते, आणि रोग्याच्या अंगाला हात लागतो तो त्याचा. वैद्यांनी संध्याकाळी येऊन चूक मान्य केली, रात्री फक्त पेज दिली आणि नवव्या दिवसाची तेलाची बस्ती मात्रा कमी करून दिली. त्यांनी मान्य केले म्हणून मी पुढचे दोन दिवस थांबले, नाही तर पैसे सोडून परत आले असते.

स्वागतकक्षाची भाषा आणि वैद्यांच्या खोलीतील भाषा यांतील अंतर रोज जाणवत असे. खाली ‘शरीरातील विषद्रव्ये बाहेर’, ‘संपूर्ण डिटॉक्स’, ‘दहा दिवसांत नवी तुम्ही’. वर दोष, अग्नी, बल आणि “बघू या, उद्या भूक कशी लागते”. चौथ्या दिवशी, निरूह झाल्यावर तासाभरात, मला शिरोधारेसाठी, म्हणजे कपाळावर तेलाची धार धरण्यासाठी, बोलावणे आले. चौकशी केली तर खालच्या तरुणाने ती १,८०० रुपयांची जादा सेवा माझ्या नावावर परस्पर नोंदवून ठेवली होती. वैद्यांनी ती रद्द केली. पत्रकात ‘आयुर्वेद, युनानी, सिद्ध, निसर्गोपचार, सर्व एका छताखाली’ असेही वाक्य आहे, आणि ते वाचून मला फार गंमत वाटली. २०१४ साली केंद्र सरकारात या सर्व पद्धतींसाठी आयुष मंत्रालय झाल्यापासून ही नावे एका दमात घेण्याची सवय लागली आहे. युनानीत रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त असे चार अखलात, म्हणजे शरीरातील द्रव, असतात आणि त्यावरून मिजाज, म्हणजे माणसाची ठेवण, ठरतो. तमिळ प्रदेशातील सिद्ध पद्धतीत तीन दोष आहेत, पण तिची औषधे आणि ग्रंथपरंपरा स्वतःची आहे. आणि निसर्गोपचार तर औषध देतच नाही, गांधीजींनी १९४६ साली उरुळी कांचनला आश्रम काढला तो आहार, माती, पाणी आणि रामनाम यांच्या भरवशावर. माणसागणिक उपचार वेगळा, हे सूत्र या साऱ्यांत कमी-अधिक सापडते, पण ते एका छताखाली आणायला निदान प्रत्येकाचा जाणकार हवा. या छताखाली दोन आयुर्वेदाचे वैद्य आणि एक मसाजवाले होते.

औषधांबाबत केंद्र सावध वाटले. मला दिलेल्या गोळ्यांत भस्म किंवा पारदकल्प, म्हणजे धातूची राख किंवा पाऱ्याचे औषध, आहे का, असे मी विचारले तेव्हा वैद्यांनी डबी हातात देऊन घटक वाचायला लावले. उत्पादन परवान्याचा क्रमांक आणि घटकद्रव्यांची यादी लेबलवर होती. ही विचारणा आगाऊपणाची समजू नये. २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या, दक्षिण आशियात बनलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा अर्सेनिक आढळले होते. ‘वनस्पतीच आहे, अपाय नाही’ हे वाक्य आयुर्वेदाचे नव्हेच. विषही युक्तीने वापरले तर औषध आणि औषधही चुकीचे वापरले तर विष, अशी त्याची भूमिका आहे.

स्वयंपाकघर उत्तम. मऊ भात, साजूक तूप, मुगाचे वरण, दुधी, पडवळ, दोडका, जिरे घातलेले ताक फक्त दुपारी. एकाच टेबलावर चौघांना चार वेगळी ताटे येत, आणि वाढणाऱ्या मावशींना कोणाला ताक नाही हे चिठ्ठी न पाहता ठाऊक असे. तक्रार एवढीच की भेट द्यायला आलेल्या नातेवाइकांसाठी शेजारीच वडे तळत असत.

आता मुख्य तक्रार. बस्तीनंतर जितके दिवस उपचार चालला त्याच्या दुप्पट दिवस परिहारकाल पाळायचा असतो; आठ बस्तींना सोळा दिवस. या काळात फार वेळ बसणे, फार चालणे, मोठ्याने बोलणे, दिवसा झोपणे, अजीर्ण होईल असे खाणे आणि रथक्षोभ, म्हणजे वाहनाचे हादरे, टाळायचे असतात. शेवटची तेलाची बस्ती मला दहाव्या दिवशी सकाळी दहा वाजता, हलके खाणे झाल्यावर दिली गेली. तेल काही तास आत राहणे अपेक्षित असते. बारा वाजता खोली रिकामी करायची होती, कारण पुढचे पाहुणे येणार होते. मी तासभर आणखी झोपू द्या म्हणाले, तर अर्ध्या दिवसाचे भाडे पडेल असे सांगण्यात आले. साडेबाराला मी एसटीत बसले आणि श्रावणातल्या खड्ड्यांतून साडेचार तासांचा रथक्षोभ अनुभवत घरी पोहोचले. परिहाराबद्दल मला निघताना कोणी काही सांगितले नाही. पावती, एक तेलाची बाटली आणि पुढील वर्षीच्या सवलतीचे कुपन मिळाले. खरी चिकित्सा सव्वीस दिवसांची होती, दोन पाचनाचे, आठ बस्तींचे आणि सोळा परिहाराचे, त्यातले दहाच विकले गेले. आरक्षण करताना हे सांगितले असते, तर मी कार्यालयातून रजा त्या हिशेबाने घेतली असती. परतल्याच्या दुसऱ्या दिवशी आठ तास खुर्चीवर बसले नसते.

विम्याचा अनुभवही लिहून ठेवते. १ एप्रिल २०२४ पासून विमा कंपन्यांनी आयुष उपचारांना इतर उपचारांप्रमाणेच संरक्षण द्यावे असा विमा नियामकाचा आदेश आहे, आणि त्याच्या आधारावर ‘दावा मिळून जाईल’ असे स्वागतकक्षात सांगितले गेले होते. पण आयुष रुग्णालय म्हणून मान्यता मिळण्यासाठी किमान पाच खाटा, चोवीस तास पात्र वैद्य आणि रोजच्या नोंदी लागतात. येथे रात्री आठनंतर फक्त पहारेकरी आणि एक मदतनीस असे. दावा परत आला.

गुडघ्याचे म्हणाल तर जिना उतरताना होणारी वेदना निम्म्याहून कमी झाली आहे, सकाळचा ताठरपणा पाच मिनिटांत जातो, आणि तीन महिन्यांनंतरही हे टिकून आहे. त्यात बस्तीचा वाटा किती, दहा दिवसांच्या विश्रांतीचा किती आणि उतरलेल्या अडीच किलो वजनाचा किती, हे मला वेगळे करून सांगता येणार नाही. एक्स-रे पुन्हा काढला. झीज आहे तशीच आहे, आणि वैद्यांनी ती भरून येईल असे कधी म्हटलेही नव्हते.

घरी आल्यावर पाचव्या दिवशी मी केंद्रात फोन करून पथ्याविषयी विचारले. तुमचे पॅकेज पूर्ण झाले आहे, नवीन सल्ल्याचे ५०० रुपये पडतील, असे उत्तर आले. त्याच रात्री नऊ वाजता वैद्यांचा स्वतःहून फोन आला, त्यांनी भूक कशी आहे, शौचाला साफ होते का हे विचारले, उरलेल्या अकरा दिवसांचे पथ्य एकेक करून सांगितले, मी ते किराण्याच्या पावतीमागे उतरवून घेतले, आणि शेवटी ते म्हणाले, “एसटीनं गेलात? मला सांगायचं होतंत, संध्याकाळपर्यंत माझ्या खोलीत झोपवलं असतं.”